घाटरस्त्यावरची पिवळी-केशरी फुले: कॉसमॉस की सोनकी? उपटण्यापूर्वी खात्री कशी करावी?

कडेपठार (प्रश्न)

नमस्कार. साताऱ्याच्या पश्चिमेला पठाराकडे चढणाऱ्या एका घाटरस्त्याच्या दोन्ही कडांना गेल्या काही पावसाळ्यांपासून पिवळ्या आणि केशरी फुलांचे दाट पट्टे दिसू लागले आहेत. सुरुवातीला एका वळणापुरती मर्यादित असलेली ही झाडे आता गटाराच्या कडेने, मातीच्या ढिगाऱ्यांवर आणि वाहने थांबवण्याच्या मोकळ्या जागांवर पसरली आहेत. ही बागेतून निसटलेली कॉसमॉसची झाडे असावीत, असे आमच्या गटातील बहुतेकांचे म्हणणे आहे. बी पडण्यापूर्वी ती उपटावीत असा विचार पुढे आला असून वन विभागाकडे परवानगीसाठी अर्जही केला आहे.

माझी अडचण पुढीलप्रमाणे आहे. याच रस्त्याच्या वरच्या टप्प्यात, जिथे कातळ उघडा पडतो तिथे, सोनकी फुलते. खालच्या टप्प्यात शेतांच्या बांधांवर कारळा असतो. चालत्या वाहनातून किंवा दहा-पंधरा फुटांवरून तिन्ही फुले पिवळीच दिसतात. मदतीसाठी येणाऱ्यांमध्ये शाळेतील मुलेही असतील, आणि त्यांना केवळ ‘पिवळे फूल दिसले की उपटा’ एवढीच सूचना दिली, तर आपल्या डोंगरांची स्वतःची सोनकी परक्या तणाबरोबर उपटली जाईल, ही भीती मला वाटते. तसे होण्यापेक्षा मोहीम न झालेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी पाहिलेल्या झाडांची उंची साधारण कमरेएवढी आहे, पण काही जेमतेम वीतभर उंचीवरच फुललेली आहेत. पाने बारीक चिरलेली आहेत. बहुतेक फुलांना आठ पाकळ्या आहेत आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक दाते दिसतात. काही झाडांची फुले लिंबासारखी पिवळी, तर शेजारच्याच झाडांची गडद केशरी आहेत. या दोन वेगळ्या जाती आहेत का? आणि वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसालाही जागेवरच वापरता येईल अशी खात्रीची खूण कोणती? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानवाचक

आपली चिंता अगदी योग्य आहे. उपटलेली सोनकी परत लावता येत नाही, म्हणून शंका असलेले झाड त्या दिवशी तसेच ठेवावे हा नियम मोहिमेत सर्वांत आधी सांगावा असे मी सुचवेन.

आपण केलेल्या वर्णनावरून ही झाडे कॉसमॉस सल्फ्युरियस या जातीची असण्याची शक्यता फार मोठी आहे. मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील ही वर्षायू वनस्पती असून कॅव्हॅनिलीस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे ती जगभरच्या बागांमध्ये गेली आणि उष्ण प्रदेशांत अनेक ठिकाणी कुंपण ओलांडून मोकळ्या जागी स्थिरावली. पिवळी आणि केशरी अशी दोन्ही झाडे याच एका जातीची असतात. बागकामासाठी लिंबू-पिवळ्यापासून लालसर केशरीपर्यंत अनेक छटांचे आणि दुहेरी पाकळ्यांचेही वाण तयार केलेले आहेत. त्यांची संतती मोकळ्यावर मिसळत राहिली की एकाच ताटव्यात सगळ्या छटा दिसू लागतात. यामुळे ओळख पटवताना रंग हा पुरावा म्हणून धरू नये. केशरी फूल सोनकीचे नसते, एवढे रंगावरून म्हणता येईल. मात्र पिवळे फूल सोनकीचे की कॉसमॉसचे, हे रंग सांगत नाही.

पाकळ्यांच्या टोकाचे दातेही फारसे उपयोगाचे नाहीत. सूर्यफुलाच्या कुलात आपण ज्याला फूल म्हणतो तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. त्याला स्तबक म्हणतात. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र किरणपुष्प असते आणि ते तीन पाकळ्या एकत्र जुळून झालेले असल्यामुळे टोकाला तीन लहान दाते राहतात. कॉसमॉसमध्ये ते ठळक, तर इतर अनेक वनस्पतींमध्ये पुसट असतात, पण ते फक्त कॉसमॉसलाच असतात असे नाही. कारळ्यालाही ते स्पष्ट दिसतात. आठ ही संख्यासुद्धा कॉसमॉस आणि कारळा या दोघांमध्ये आढळते. उंचीवरही विसंबू नये, कारण दिवस लहान होऊ लागले की कॉसमॉसला फुलोऱ्याची ओढ लागते आणि उशिरा उगवलेले किंवा उथळ मातीतले रोप वीतभर असतानाच फुलते. आपण पाहिलेली बुटकी झाडे बहुधा अशीच असावीत.

आता खात्रीच्या खुणांकडे येऊ. पहिली खूण पानांच्या मांडणीची. खोडाचा मधला भाग हातात धरून पाहावे. कॉसमॉसची पाने प्रत्येक पेरावर समोरासमोर जोडीने येतात. सोनकीची पाने एकाआड एक, म्हणजे एका पेरावर एकच, अशी असतात. ही खूण फुलापूर्वीही दिसते, फूल गळल्यावरही राहते आणि मुलांना दोन मिनिटांत शिकवता येते. दुसरी खूण पानाच्या आकाराची. कॉसमॉसचे पान देठाचे असते आणि पिसासारखे दोन-तीन वेळा विभागलेले असते. त्याचे शेवटचे खंड दोन ते पाच मिलिमीटर रुंदीचे, चपटे आणि टोकदार असतात. सोनकीचे पान अखंड असते. त्याची कड दातेरी असली तरी पान आतपर्यंत चिरलेले नसते. ‘जोडीने आलेली चिरलेली पाने’ या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर सोनकीची शक्यता संपते.

कारळ्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण त्याचीही पाने बहुतांशी समोरासमोरच असतात. शेंड्याकडची मात्र कधी कधी एकाआड एक होतात. परंतु कारळ्याचे पान अखंड, लांबट, बिनदेठाचे आणि तळाशी खोडाला बिलगलेले असते. चिरलेल्या पानाचा कारळा असत नाही. शिवाय कारळा हे तेलबियांचे जुने पीक आहे, त्यामुळे बांधावर किंवा पडीक शेतात तो दिसला तर तो कुणीतरी पेरलेला किंवा मागच्या पिकाच्या सांडलेल्या बियांतून उगवलेला असतो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी खूण फुलाच्या पाठीमागची आहे. माझ्या मते ती सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आपण सगळे फुलाचे छायाचित्र समोरून काढतो, आणि ओळखीसाठी लागणारी माहिती नेमकी मागे राहते. स्तबक उलटे करून त्याच्या तळाशी असलेली हिरवी छदे, म्हणजे स्तबकाला खालून वेढणारी लहान पानांसारखी अंगे, पाहावीत. कॉसमॉसमध्ये त्यांची दोन स्पष्ट वर्तुळे असतात. बाहेरची छदे साधारण आठ, अरुंद, हिरवी आणि किंचित पसरलेली असतात. आतलीही साधारण आठ असतात, पण ती अधिक लांब, उभी, पातळ आणि पिवळट कडांची असतात. सोनकीमध्ये मुख्य छदांची एकच ओळ असते, सगळी जवळपास सारख्या उंचीची आणि कडांनी एकमेकांना टेकलेली, आणि तळाशी काही अगदी बारीक छदे असतात. कारळ्यात बाहेरची पाच छदे रुंद आणि पानासारखी हिरवी असतात. तिन्ही फुले शेजारी शेजारी उलटी ठेवून एकदा पाहिली, की पुढे भिंगाची गरज उरत नाही.

बीजवेध

वरच्या सविस्तर उत्तराला बियांची जोड देतो. हंगामाच्या शेवटी पाने वाळलेली असतात आणि तेव्हा ओळखीसाठी बीच हाताशी असते.

कॉसमॉसचे फळ, ज्याला आपण व्यवहारात बी म्हणतो, लांब, सडपातळ, किंचित वाकलेले आणि तपकिरी-काळपट असते. त्याची लांबी दीड ते तीन सेंटिमीटर भरते आणि वरच्या बाजूला ते निमुळते होत चोचीसारखे लांबते. टोकाला बहुधा दोन किंवा तीन ताठ काटे एकमेकांपासून दूर फाकलेले असतात, आणि त्यांवर उलट्या दिशेचे बारीक कुसळे असतात. कधी कधी हे काटे नसतातही, त्यामुळे काटे नाहीत म्हणून कॉसमॉस नाही, असा निष्कर्ष काढू नये. सुकलेले स्तबक या फाकलेल्या बियांमुळे ताऱ्यासारखे दिसते आणि ते हिवाळ्यातही दुरून ओळखू येते.

सोनकीचे फळ याच्या अगदी उलट आहे. ते लहान असते आणि त्याच्या डोक्यावर मऊ पांढऱ्या केसांचा झुबका असतो. वाऱ्याबरोबर ते उडून जाते. सुकलेल्या सोनकीवर पांढरा कापूस दिसतो, तसा कॉसमॉसवर कधीही दिसणार नाही. कारळ्याचे बी काळे, चकचकीत, बिनकेसांचे आणि बिनकाट्यांचे असते.

आपल्या यादीत नसलेली, पण गोंधळ घालू शकणारी आणखी एक प्रजाती म्हणजे बिडेन्स. कपड्यांना चिकटणाऱ्या काळ्या काड्यांसारख्या बिया आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. कॉसमॉस आणि बिडेन्स हे जवळचे नातलग असल्यामुळे दोघांच्याही बियांवर उलट कुसळांचे काटे असतात. फरक असा की बिडेन्सच्या बीला चोच नसते, ते टोकापर्यंत जवळपास सरळ जाते. आपल्याकडे दिसणाऱ्या बिडेन्स बायटर्नाटाची फुले पिवळी असली तरी लहान असतात आणि किरणपुष्पे मोजकीच, काही वेळा मुळीच नसतात. तिचे पान वेगवेगळ्या, दातेरी कडांच्या पर्णिकांमध्ये विभागलेले असते, कॉसमॉससारखे बारीक पट्ट्यांमध्ये नाही. बिडेन्स पिलोसाची किरणपुष्पे असलीच तर पांढरी असतात आणि ती स्वतःच उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे. बिडेन्स बायटर्नाटा मात्र जुन्या जगातील आहे, म्हणून दोघींना एकाच मापाने मोजू नये.

फुलाच्या आकाराबद्दलही एक शब्द. कॉसमॉसचे एकेक किरणपुष्प दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते, म्हणजे पूर्ण उमललेले फूल सुमारे चार ते सहा सेंटिमीटरचे होते. ते एका लांब, जवळजवळ बिनपानांच्या दांड्यावर एकटे उभे असते. सोनकीची फुले याहून बरीच लहान असतात आणि फांद्यांच्या शेंड्यांशी जवळजवळ येतात. ही खूण आधारासाठी वापरावी, निर्णयासाठी पान आणि छदेच वापरावीत.

कडेपठार

दोघांचेही मनापासून आभार. फुलाच्या पाठीमागे पाहण्याची सूचना मला विशेष उपयोगी वाटते. आज काही झाडे पुन्हा तपासली. रस्त्याकडेच्या सर्व झाडांची पाने समोरासमोर आणि चिरलेली आहेत, छदांची दोन वर्तुळेही स्पष्ट दिसली. वरच्या कातळावर मात्र एकही चिरलेल्या पानाचे झाड नव्हते. तिथली सर्व पिवळी फुले एकाआड एक अखंड पानांची, म्हणजे सोनकीच आहे.

आता पुढचा प्रश्न. पुढील वर्षी फुले येण्यापूर्वीच, जुलै-ऑगस्टमध्ये, रोपे ओळखून काढता आली तर बी तयार होण्याचा धोकाच राहणार नाही. परंतु रोपावस्थेत चिरलेल्या पानांची अनेक झाडे असतात. गाजर गवत तर सगळीकडेच आहे. अशा वेळी गोंधळ कसा टाळावा?

पानवाचक

हा प्रश्न फुलांच्या ओळखीपेक्षा अवघड आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गाजर गवत आणि कॉसमॉस यांची पाने चिरलेली असल्यामुळे प्रथमदर्शनी फसगत होते, पण दोघांच्या वाढीची पद्धत पूर्ण वेगळी आहे. गाजर गवताचे रोप आधी जमिनीलगत गोलाकार पसरते. त्याची पाने एकाच जागेतून निघून मातीला टेकून राहतात आणि मधला दांडा नंतर वर येतो. त्या दांड्यावरची पाने एकाआड एक असतात आणि साऱ्या झाडावर बारीक लव असल्यामुळे रंग किंचित राखाडी दिसतो. कॉसमॉस जमिनीलगत पसरत नाही. दोन बीजपत्रांनंतर लगेच पानांच्या जोड्या येऊ लागतात, खोड पहिल्यापासून सरळ वर चढते आणि लागोपाठच्या दोन जोड्या एकमेकींशी काटकोनात असतात. वरून पाहिले असता चार दिशांना चार पाने अशी रचना दिसते. गाजर गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते. म्हणून ते काढायचे असेल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत, आणि मुलांना त्या कामापासून दूर ठेवावे.

झेंडूची रोपेही समोरासमोर, विभागलेल्या पानांची असतात आणि वस्तीजवळ ती आपोआप उगवतात. झेंडूच्या पर्णिकांना बारीक दातेरी कडा असतात, पान उजेडासमोर धरले तर त्यात तेलाचे ठिपके दिसतात आणि चुरगळले की ओळखीचा उग्र वास येतो. कॉसमॉसच्या पानाला असे ठिपके नसतात आणि तो वासही नसतो.

बागेतून निसटणारी दुसरी एक जात म्हणजे कॉसमॉस बायपिनाटस. तिची पाने शेपूच्या पानांसारखी धाग्याइतकी बारीक असतात आणि फुले गुलाबी, जांभळट किंवा पांढरी येतात. आपल्या पट्ट्यात ती आढळली तर तीही परकीच आहे.

मला सर्वांत जास्त काळजी ज्या वनस्पतीची वाटते ती म्हणजे फत्तरसुवा, शास्त्रीय नाव ग्लॉसोकार्डिया बोसव्हालिया. ही आपल्या कातळांवरची, उघड्या खडकाळ जमिनीवर वाढणारी बुटकी देशी वनस्पती आहे. तिची पाने बारीक चिरलेली आणि फुले पिवळी असतात, शिवाय ती कॉसमॉसच्याच गोत्रातील असल्यामुळे तिच्या बीलाही टोकाला दोन काटे असतात. आपण कॉसमॉससाठी शिकवलेल्या खुणांपैकी चिरलेले पान, पिवळे फूल आणि काटेरी बी या तिन्ही खुणा तिला वरवर लागू पडतात, आणि नेमके म्हणूनच ती चुकून उपटली जाण्याचा धोका आहे. तिचे फूल मात्र अगदी लहान, काही मिलिमीटरचे असते, किरणपुष्पे इनमिन असतात आणि पूर्ण वाढलेले झाडही जमिनीपासून फारसे उठत नाही. उघड्या कातळाच्या भेगेत वाढणारे, बोटभर उंचीचे, बारीक पानांचे झाड दिसले, तर ते कॉसमॉसचे रोप समजून कधीही काढू नये.

या कारणास्तव माझी सूचना अशी की रोपे काढण्याचे काम रस्त्याच्या भरावापुरते आणि उकरलेल्या मातीपुरते मर्यादित ठेवावे. जिथे मूळ कातळ किंवा पठाराची पातळ माती सुरू होते, तिथे कॉसमॉस फुलेपर्यंत थांबावे आणि फूल उमलल्यावर, बी धरण्यापूर्वी, अनुभवी व्यक्तीनेच ते काढावे. काही आठवड्यांचा उशीर चालेल.

फुलपाखरी

माझा थोडा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विरोधासाठी विचारत नाही. या कॉसमॉसवर मी स्वतः मधमाश्या आणि अनेक प्रकारची फुलपाखरे पाहिली आहेत. पावसाळा सरताना इतर फुले कमी होतात, तेव्हा हीच फुले त्यांना मध देतात. अशा स्थितीत ती काढून टाकणे कीटकांच्या दृष्टीने योग्य आहे का? रस्त्याच्या कडेला काहीच नसण्यापेक्षा फुले असणे बरे, असे नाही का?

बीजवेध

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. कॉसमॉसच्या फुलांत मध आणि पराग असतात आणि कीटक ते घेतात, हे खरेच आहे. परंतु फुलपाखराच्या आयुष्यात मध हा अर्धाच भाग असतो. अंडी घालण्यासाठी आणि सुरवंटाच्या पोषणासाठी त्याला ठरावीक वनस्पतींची पाने लागतात आणि त्या वनस्पती त्या प्रदेशातील त्याच्या जुन्या सोबती असतात. परक्या झाडाने जागा व्यापल्यावर प्रौढ फुलपाखराला मध मिळत राहतो, पण त्याच्या पिलांचे अन्न कमी होत जाते. ताटव्यावर फुलपाखरांची गर्दी दिसत असल्यामुळे हा तोटा डोळ्यांना जाणवत नाही.

दुसरे म्हणजे, प्रश्न रस्त्याच्या कडेचा राहिलेला नाही. कास पठार हे पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले त्यांपैकी एक आहे. अशा पठारांवरील मातीचा थर अतिशय पातळ असतो आणि तिथल्या गेंद, सीतेची आसवे, कवला यांसारख्या वनस्पती बहुतांशी बुटक्या आणि भरपूर उजेड मागणाऱ्या असतात. कमरेएवढी वाढणारी, दाट गर्दी करणारी वनस्पती त्यांच्यावर सावली धरू लागली तर त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही. उघड्या कातळावर कॉसमॉस तितक्या जोमाने वाढत नाही, पण पठाराच्या कडा, पायवाटा, वाहनतळ आणि जिथे बाहेरून माती आणून टाकली आहे अशा जागा हे त्याचे प्रवेशमार्ग ठरतात. बीवरील काटे कपड्यांना आणि जनावरांच्या केसांना अडकतात, चाकांना लागलेल्या चिखलातून बी पुढे जाते, आणि रस्त्याच्या कामासाठी एका ठिकाणची माती दुसरीकडे नेली की तिच्याबरोबर सारा ताटवाच स्थलांतरित होतो. शोभेसाठी म्हणून रस्त्याकडेला हेतुपुरस्सर बी टाकणारी मंडळीही आहेत. त्यांचा हेतू चांगला असला तरी कृपया त्यांना थांबवावे.

रिकाम्या जागेबद्दलची आपली शंका मात्र मला पूर्ण मान्य आहे. झाडे उपटल्यावर उघडी पडलेली माती तशीच सोडली, तर तिथे पुन्हा कॉसमॉस किंवा गाजर गवत येईल. म्हणून उपटताना माती शक्य तितकी कमी हलवावी आणि शेजारच्या देशी गवतांना ती जागा व्यापू द्यावी. बाहेरून बिया आणून पेरणे, मग त्या देशी म्हणून विकल्या जात असल्या तरी, पठारानजीक टाळावे.

प्रत्यक्ष उपटण्याबद्दल. पावसाने माती ओली असताना खोड जमिनीलगत धरून सरळ वर ओढले की मूळ सहज निघते. विळ्याने वरून कापल्यास खालच्या पेरांतून नव्या फांद्या फुटतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर फुले येतात, म्हणून कापणे टाळावे. कळ्या असलेली झाडे उपटून मुळे वर करून रस्त्याच्या पक्क्या भागावर वाळवली तरी चालते. पण ज्यांच्या पाकळ्या गळून बी भरू लागले आहे, ती झाडे जागेवर टाकू नयेत, कारण उपटल्यानंतरही खोडातील ओलाव्यावर काही बी पिकू शकते. अशी स्तबके आधी पिशवीत खुडून घ्यावीत आणि नंतर झाड उपटावे. परतताना बूट, मोजे आणि कपड्यांना अडकलेल्या बिया त्याच जागी काढून त्याच पिशवीत टाकाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते न केल्यास आपणच बी पुढच्या वळणावर नेऊ.

तणनाशकाचा विचार कुणी मांडला तर त्याला ठाम नकार द्यावा. घाटरस्त्यावर फवारलेले औषध पहिल्याच सरीबरोबर उतारावरच्या ओढ्यात जाते, आणि ते देशी व परके असा भेद करत नाही.

कडेपठार

सर्वांच्या सूचना वाचून आराखडा बदलला आहे. मुले फक्त रस्त्याच्या भरावावर काम करतील आणि प्रत्येकाने झाडाला हात लावण्यापूर्वी पानांची जोडी व चिरलेले पान या दोन्ही गोष्टी सोबतच्या मोठ्या माणसाला दाखवायच्या आहेत. कातळाच्या भागात कुणीही उपटणार नाही, तिथे आम्ही केवळ नोंद करू. परवानगीच्या अर्जातही हीच मर्यादा लिहून दिली आहे.

नोंदीसाठी एक शेवटची विचारणा. छायाचित्रे कोणत्या कोनांतून घ्यावीत, म्हणजे जागेवर नसलेल्या जाणकारालाही ओळख पटेल?

पानवाचक

एका झाडाची चार छायाचित्रे पुरेशी आहेत. पहिले संपूर्ण झाडाचे, भोवतालची जमीन दिसेल असे, कारण भराव आहे की कातळ हे त्यातूनच कळते. दुसरे खोडाच्या मधल्या भागाचे, ज्यात किमान दोन पेरे आणि त्यांवरची पाने स्पष्ट दिसतील. तिसरे फुलाच्या पाठीमागचे, छदांवर प्रकाश पडेल अशा रीतीने, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. चौथे समोरून, त्याच झाडावर सुकलेले स्तबक असेल तर तेही त्यात येऊ द्यावे. फुलाचा फक्त समोरचा भाग जवळून टिपलेले छायाचित्र कितीही देखणे असले तरी त्यावरून निर्णय देऊ नये, आणि कुणी दिला तर तो मान्य करू नये.

प्रत्येक नोंदीत तारीख आणि जागा लिहावीच, शिवाय त्या दिवशी झाडावर कळ्या, फुले आणि पिकलेले बी यांपैकी काय होते तेही लिहावे. पहिले पिकलेले बी कोणत्या आठवड्यात दिसते हे एकदा कळले, की पुढील वर्षीच्या मोहिमेची तारीख त्याच्या दोन-तीन आठवडे आधीची ठरवता येईल. मातीत शिल्लक राहिलेले बी नंतरच्या पावसाळ्यांतही उगवत राहणार असल्यामुळे त्याच पट्ट्यात सलग काही वर्षे फेरी मारावी लागेल. म्हणून पट्ट्याची सुरुवात आणि शेवट रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून आत्ताच नोंदवून ठेवावेत.